जॉन वेस्ली पॉवेल : दऱ्यांचा नकाशाकार

विद्यार्थी मित्रहो, या चरित्राचा नायक एका हाताचा होता, हे आरंभीच लक्षात घ्या. १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत गोळी लागल्याने जॉन वेस्ली पॉवेल यांचा उजवा हात कापावा लागला. तरीही पुढे सात वर्षांनी ते खोल दऱ्यांचे कडे चढत होते.

अमेरिकेतील कोलोरॅडो पठाराचा मोठा भाग तेव्हा नकाशावर कोरा होता. २४ मे १८६९ रोजी पॉवेल नऊ सोबती व चार होड्या घेऊन ग्रीन नदीतून निघाले. लोडोरच्या दरीत एक होडी फुटली. बराच शिधा वाहून गेला. वायुभारमापके मात्र सोबत्यांनी भंगलेल्या होडीतून सोडवून आणली. त्यांचे मोल तुमच्या ध्यानी येईल : उंचीनुसार हवेचा दाब घटतो, म्हणून कड्याची उंची मोजायची तर ते यंत्र घेऊन वर चढावे लागे. अशाच एका चढाईत पॉवेल मध्येच अडकले. दोर नव्हता. वर पोहोचलेल्या ब्रॅडलीने अंगातली विजार काढून खाली सोडली आणि तिला धरून ते वर आले.

एक सोबती जुलैतच परतला होता. २८ ऑगस्टला पुढचा भयंकर धबाबा पाहून आणखी तिघांनी नदी सोडली व ते कडा चढून गेले. ते वाटेतच मारले गेले. उरलेले सहा जण दोनच दिवसांत दरीबाहेर सुखरूप पोहोचले.

या सफरीतून नकाशा मात्र पुरा झाला नाही. त्यासाठी १८७१ मध्ये पॉवेल पुन्हा निघाले. मोजणीचा खरा भार त्यांचे मेहुणे आल्मन थॉम्पसन यांनी वाहिला, हे येथे नोंदवले पाहिजे. कनॅब गावाजवळ त्या हिवाळ्यात सुमारे ९ मैलांची आधाररेषा काटेकोर मोजली गेली. तिच्या टोकांपासून दूरच्या शिखरांचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण रचत प्रदेश व्यापायचा; भारताची त्रिकोणमितीय मोजणीही याच रीतीने झाली. १८७२ मध्ये एस्कलांटे नदी नकाशावर आली.

प्रस्तुत लेखकाला पॉवेल प्रथम भेटले ते भाषाविज्ञानात. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांची ५८ कुळांत केलेली वर्गवारी १८९१ मध्ये त्यांच्याच नावे प्रसिद्ध झाली.

कोरड्या प्रदेशात पाणी थोडे, म्हणून वसाहतींच्या सीमा पाणलोटांनुसार आखाव्यात, असे त्यांनी १८७८ च्या अहवालात सुचवले होते. ते मानले गेले नाही. १८९० मध्ये त्यांच्या सिंचन सर्वेक्षणाचा निधी तोडण्यात आला; १८९४ मध्ये त्यांनी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद सोडले. १९०२ मध्ये ते वारले.

ग्लेन कॅनियन हे नाव पॉवेल यांनीच दिलेले. १९६३ पासून त्या दरीत धरणाचे पाणी साठू लागले. त्या जलाशयाला पॉवेल यांचे नाव आहे.