जात्यावरची गाणी

विद्यार्थी मित्रांनो, काम करता करता तुमची आजी किंवा आई काहीतरी गुणगुणते, हे तुम्ही ऐकले असेल. ते शब्द कोणाचे, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला का? कदाचित ते तिचे स्वतःचेच असतील! अशाच एका आईची ही हकिकत आहे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण आज तिचे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिचे नाव बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली खानदेशातील आसोदे या गावी झाला. हे गाव जळगावजवळ आहे. त्यांचे माहेरचे आडनाव महाजन. घर शेतकऱ्याचे होते. त्या काळी खेड्यातील मुलींना कोणी शाळेत पाठवत नसे. बहिणाबाईही शाळेत गेल्या नाहीत. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्या सासरी आल्या.

सासरी कामाला अंत नव्हता. पहाटे उठून जात्यावर दळण दळायचे, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, मग शेतात जायचे. जाते म्हणजे हाताने फिरवायची दगडाची चक्की. दळताना बायका ओव्या गात. गाण्याच्या नादात श्रम जाणवत नसत. दख्खनी भाषेतही चक्कीवर गायची अशी गाणी आहेत. त्यांना 'चक्कीनामा' म्हणतात. बहिणाबाई केवळ इतरांच्या ओव्या म्हणत नसत. त्या स्वतःच्या रचत. हात खुंटा फिरवत असे आणि तोंडातून नवे शब्द बाहेर पडत.

त्या कशावर गाणी रचत? जे डोळ्यांसमोर असे त्यावर! पेरणी, कापणी, मळणी, विहिरीवरची मोट, धूर करणारी चूल, झाडाला टांगलेला सुगरण पक्ष्याचा खोपा, माहेरची वाट, माणसाचे चंचल मन, हे त्यांचे विषय होते. जळगावात छापखाना निघाला, तेव्हा त्यावरही त्यांनी गाणे केले. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हते, तिने छापखान्यावर गाणे करावे, याचे नवल वाटते ना?

बहिणाबाईंना काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे दोन मुलगे होते. त्या तीस वर्षांच्या असताना त्यांचे पती वारले. मुले लहान होती. पुढे ओंकारला प्लेग झाला आणि त्यामुळे कायमचे अपंगत्व आले. असे एकामागून एक घाव बसले, तरी बहिणाबाई खचल्या नाहीत. त्या शेतात राबल्या आणि त्यांनी मुलांना वाढवले. दारात आलेल्या ज्योतिष्याला हात दाखवण्याची आपल्याला गरज नाही, असे त्यांनी एका गाण्यात म्हटले आहे. दुःख त्यांच्या गाण्यांत आहे, पण रडगाणे नाही. उलट, पुष्कळ ठिकाणी थट्टा आणि हसू आहे.

सोपान शाळेत जाऊ लागला. एकदा त्याच्या पुस्तकात सावित्री आणि सत्यवान यांची गोष्ट होती. त्याने ती आईला वाचून दाखवली. आईने कामे करता करता ती ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काय, आईने त्या गोष्टीवर एक गाणे रचले होते! जी गोष्ट मुलाने पुस्तकातून वाचली, तीच आईने एका रात्रीत आपली केली होती. सोपान चकित झाला. तो आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला. त्याचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनीही पुष्कळ गाणी लिहून घेतली. आई बोलायची आणि मुले लिहायची. जेवढे वहीत आले तेवढेच उरले. बाकीचे जात्याच्या घरघरीत विरून गेले.

हाच सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून प्रसिद्ध झाला. मुलाचे नाव झाले, पण आईची गाणी बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. खेड्यातील एका बाईची, बोलीभाषेतील ही गाणी एवढ्या मोठ्या लेखकाला आवडतील की नाही, असा त्यांना संकोच वाटत होता. अत्रे मात्र गाणी ऐकून थक्क झाले. हे धन लपवून ठेवू नये, असा त्यांनी आग्रह धरला. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अत्रे यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. छापखान्यावर गाणे करणाऱ्या बहिणाबाईंची गाणी अखेर छापखान्यात पोहोचली. पण ते पाहायला त्या राहिल्या नव्हत्या.

मित्रांनो, बहिणाबाईंची मराठी तुमच्या पुस्तकातील मराठीसारखी नाही. ती खानदेशातील शेतकऱ्यांच्या घरातील बोली आहे. तरीही ती सर्वांच्या मनाला भिडली. त्यांची गाणी चित्रपटात आली, शाळेच्या पुस्तकांत आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जी बाई शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठात आज हजारो मुले-मुली शिकतात.

हे सारे कशामुळे घडले? आईजवळ शब्द होते आणि मुलाने ते लिहून ठेवले, म्हणून! तुमच्याही घरात गाणी, कोडी, म्हणी आणि गोष्टी आहेत. आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. तिची भाषा कोणतीही असो, तुम्हांला तर लिहिता येते!