टचस्क्रीनमागचं मोजमाप शंभर वर्षं कपाटात ठेवणारा हेन्री कॅव्हेंडिश

तुम्ही आत्ता स्क्रीनवर बोट फिरवताय ना, त्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकाचं बारीक जाळं आहे. बोट जवळ आलं की त्या जागेची विद्युतभार साठवायची क्षमता किंचित बदलते. फोन तो बदल मोजतो आणि बोट नेमकं कुठे आहे ते ओळखतो. या क्षमतेला कॅपॅसिटन्स म्हणतात. ती पद्धतशीरपणे मोजणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश. १७७० च्या दशकात लंडनमध्ये त्यांनी धातूच्या चकत्या, गोळे, काचेच्या आणि मेणाच्या पट्ट्या घेऊन ही मापं काढली. वहीत लिहिली आणि त्यातलं बहुतेक कुणाला सांगितलंच नाही.

का नाही सांगितलं, हे समजायला त्यांचा दिवस कसा जायचा ते बघावं लागेल.

जन्म १० ऑक्टोबर १७३१, नीस शहरात. दोन्हीकडचे आजोबा ड्यूक, म्हणजे घराणं इंग्लंडमधल्या बड्या घराण्यांपैकी. केंब्रिजला शिकायला गेले, पण १७५३ मध्ये पदवी न घेताच परतले. मग जवळजवळ पन्नाशीपर्यंत वडिलांसोबत राहिले. वडीलही प्रयोग करणारे, त्यामुळे घरातच उपकरणं होती.

पुढे क्लॅपहॅमला स्वतःचं घर झालं तेव्हा त्यांनी बोलण्याची गरजच शक्य तितकी कमी करून टाकली. जेवायला काय हवं ते एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचं. घरात काम करणाऱ्या बायकांनी समोर यायचं नाही, असा नियम. एकदा एक बाई जिन्यात अचानक समोर आली, तर म्हणे त्यांनी मागच्या बाजूला वेगळा जिनाच बांधून घेतला. कपडे कायम एकाच, कधीच मागे पडलेल्या फॅशनचे. त्यांचं ग्रंथालय इतरांसाठीही खुलं होतं, आणि स्वतःचंच पुस्तक घरी नेताना ते पावती लिहून ठेवत. मला ही गोष्ट विक्षिप्त वाटत नाही. नोंद नसेल तर पुस्तक हरवतं, एवढाच साधा हिशेब आहे.

पण ते माणसं टाळायचे म्हणजे त्यांना माणसं नकोच होती, असं मात्र नाही. दर गुरुवारी रॉयल सोसायटीच्या क्लबचं जेवण असे आणि कॅव्हेंडिश तिथे वर्षानुवर्षं नेमाने जात. टोपी नेहमी त्याच खुंटीला. कुणी थेट डोळ्यांत बघून प्रश्न विचारला, किंवा अनोळखी माणसासमोर त्यांचं कौतुक सुरू केलं, की ते चक्क निघून जात. मग ओळखीच्या लोकांनी एक युक्ती शोधली. त्यांच्या जवळ उभं राहायचं, त्यांच्याकडे बघायचं नाही आणि विषय हवेत सोडल्यासारखा बोलायचा. विषय कामाचा असेल तर उत्तर मिळायचं, आणि ते ऐकण्यासारखं असायचं.

२००१ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की कॅव्हेंडिश यांना ॲस्पर्जर सिंड्रोम असावा. आज आपण त्याला ऑटिझम स्पेक्ट्रमचाच भाग म्हणतो. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही, आणि यातले बरेच किस्से १८५१ च्या चरित्रातून आलेत, म्हणजे ते गेल्यावर चाळीस वर्षांनी गोळा केलेले. त्यामुळे ठाम निदान कुणी करू नये. एक मात्र खटकतं. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, आणि हा माणूस तर स्वतःत सोडून बाकी सगळ्यात मग्न होता.

१७९७-९८ चा प्रयोग घ्या. वय पासष्टच्या पुढे. सुमारे १५८ किलोचे शिशाचे दोन गोळे, त्यांच्याजवळ तारेला टांगलेल्या दांडीवर दोन छोटे गोळे. मोठे गोळे छोट्यांना ओढतात, पण इतकं थोडं, की शरीराच्या उबेने हवा हलली तरी माप बिघडेल. म्हणून खोली बंद, आणि कॅव्हेंडिश बाहेरून दुर्बिणीने आकडे वाचतायत. त्या यंत्रालाही माणसाची जवळीक चालत नव्हती! त्यातून पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट निघाली. आजचा आकडा सुमारे ५.५१ आहे.

हे सगळं जमलं त्यात पैशाचा वाटा मोठा होता. त्यांच्याकडे अफाट संपत्ती होती. वेगळा जिना, वेगळं ग्रंथालय, बागेतली प्रयोगशाळा, सगळं विकत घेता आलं. त्याच स्वभावाचा एखादा कारकून त्या काळात नोकरीवर किती दिवस टिकला असता? आणि त्या मागच्या जिन्याने ये-जा करणाऱ्या बायकांना काय वाटायचं, ते तर कुणी लिहूनच ठेवलं नाही.

२४ फेब्रुवारी १८१० ला ते गेले. विजेवरच्या वह्या तशाच पडून राहिल्या. शेवटी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे पहिले प्राध्यापक जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी त्या वाचून १८७९ मध्ये छापल्या. त्यात कॅपॅसिटन्सची मापं होतीच, पण १८२७ मध्ये ज्या नियमाला ओहमचं नाव मिळालं, तोही जवळपास होता. विद्युतप्रवाह मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून कॅव्हेंडिश स्वतःच्या अंगातून झटका जाऊ देत आणि तो कोपरापर्यंत जाणवला की मनगटापर्यंत, यावरून तुलना करत. मॅक्सवेलना हे खरं वाटतंय का ते बघायचं होतं. त्यांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला, आणि प्रयोगशाळेत भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही ते झटके घ्यायला लावू लागले.