विश्लेषण : तातडीचे की महत्त्वाचे? कामांच्या यादीला चार चौकटी देणारे आयझेनहॉवर कोण होते?

कामांची यादी करणे सोपे असते. त्यातले आधी कोणते करायचे आणि कोणते खोडायचे, हे ठरवणे अवघड. त्यासाठी ‘आयझेनहॉवर मॅट्रिक्स’ ही चार चौकटींची पद्धत आज कंपन्यांच्या प्रशिक्षणापासून मोबाइल ॲपपर्यंत सगळीकडे दिसते. अमेरिकेचे ३४ वे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचे नाव तिला का मिळाले? त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात हा निवाडा कुठे साधला, कुठे हुकला?

चार चौकटी कोणत्या?

प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे : ते आजच करायला हवे का आणि ते न केल्याने पुढे खरोखर नुकसान होईल का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर काम लगेच हाती घ्यायचे. महत्त्वाचे, पण घाई नसलेल्या कामाला दिवस आणि वेळ नेमून द्यायची. घाईचे, पण आपणच करायला हवे असे नसलेले काम दुसऱ्याकडे सोपवायचे. दोन्हींत न बसणारे यादीतून काढून टाकायचे.

निवड करण्याची किंमत काय?

१४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधील डेनिसन येथे जन्मलेले आयझेनहॉवर कॅन्ससमधील ॲबिलीन या छोट्या गावात साध्या कुटुंबात वाढले. १९१५ मध्ये ते वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून बाहेर पडले. डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर आठवडाभरात, लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी त्यांना वॉशिंग्टनला बोलावले आणि पॅसिफिकमध्ये काय करावे, असे विचारले. आयझेनहॉवर यांनी काही तासांचा अवधी मागितला. फिलिपिन्समधील सैन्याला पुरेशी मदत वेळेत पोहोचवता येणार नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात तळ उभारावा, असे त्यांचे उत्तर होते. फिलिपिन्समध्ये त्यांनी स्वतः सुमारे चार वर्षे काढली होती आणि तिथे वेढ्यात सापडलेल्यांत त्यांच्या ओळखीचे अनेकजण होते. मे १९४२ मध्ये तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे वडील वारले. कामाच्या रेट्यात त्यांना अंत्यविधीला जाता आले नाही. त्या दिवशी त्यांनी कार्यालयाचे दार लावून घेतले आणि अर्धा तास एकट्याने काढला.

काम सोपवले, मग जबाबदारी कोणाची?

मार्शल यांना प्रत्येक प्रश्न त्यांच्याकडे घेऊन येणारे अधिकारी नको होते. प्रश्न सोडवून नंतर कळवणारे हवे होते. आयझेनहॉवर यांनी हाच धडा पुढे गिरवला. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील चढाईचे तपशील त्यांनी सेनानींवर सोपवले. चढाई कधी करायची, हा निर्णय मात्र स्वतःकडे ठेवला. खराब हवामानामुळे ५ जूनचा बेत त्यांनी एक दिवस पुढे ढकलला. मोहीम फसली तर दोष आपला, असे लिहिलेली चिठ्ठीही त्यांनी तयार ठेवली होती. ती वापरण्याची वेळ आली नाही.

घाई नसलेले काम ३७ वर्षे कसे थांबले?

१९१९ मध्ये तरुण अधिकारी असताना ते वॉशिंग्टन ते सॅन फ्रान्सिस्को अशा लष्करी वाहनताफ्यात सहभागी झाले होते. खराब रस्त्यांमुळे या प्रवासाला ६२ दिवस लागले. चांगल्या रस्त्यांची गरज त्यांना तेव्हाच पटली आणि युद्धानंतर जर्मनीचे महामार्ग पाहून ती अधिक ठसली. १९५३ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि २९ जून १९५६ रोजी त्यांनी ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. दुसऱ्या चौकटीतले काम कोणी मुद्दाम उचलले तरच पुढे सरकते, ते असे.

मग चुकले कुठे?

आयझेनहॉवर अनेक वर्षे दिवसाला सुमारे चार पाकिटे सिगारेट ओढत. १९४९ मध्ये त्यांनी ती सोडली. २४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हरमध्ये सुट्टीवर असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते सुमारे सात आठवडे रुग्णालयात राहिले. कामे आधीच वाटून दिलेली असल्याने सरकारचा कारभार मात्र थांबला नाही.

दुसरी चूक देशाला भोवली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. आयझेनहॉवर यांनी या निकालाला जाहीर, ठाम पाठिंबा दिला नाही, अशी टीका इतिहासकार करतात. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी त्यांना लष्कर पाठवावे लागले. महत्त्वाचे काम टाळत राहिले की एक दिवस ते तातडीचे होऊन दारात उभे राहते.

चौकटी खरेच त्यांनी आखल्या का?

नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये इव्हान्स्टन येथील भाषणात त्यांनी तातडीचे आणि महत्त्वाचे प्रश्न सहसा वेगवेगळे असतात, हा विचार मांडला. तोही एका माजी महाविद्यालय प्रमुखाचा म्हणून. त्याला चौकटींचे रूप नंतर मिळाले. स्टीफन कव्ही यांच्या १९८९ मधील ‘द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल’ या पुस्तकाने ते घरोघरी पोहोचवले. आयझेनहॉवर २८ मार्च १९६९ रोजी निवर्तले होते.

घरी कसे वापरावे?

कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारून आजची कामे चार भागांत लिहावीत. वीजबिलाचा आज शेवटचा दिवस असेल तर ते पहिल्या चौकटीत. किराणा आणण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे देता येत असेल तर तिसऱ्या. रक्तदाब तपासणी, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची भेट ही दुसऱ्या चौकटीतली कामे. त्यांच्यापुढे ‘वेळ मिळाल्यावर’ असे न लिहिता वार आणि वेळ लिहावी.