कर्ता करविता तो एक : श्री संत गाडगे महाराज

वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका गरीब परीट कुटुंबात श्री संत गाडगे महाराजांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या व्यसनाने अकाली गेले. मातोश्री सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे मामांच्या घरी गुरे राखीत व शेती करीत डेबूजी वाढले.

अंगात बळ होते आणि शेतीचे उत्तम ज्ञान होते. डेबूजींनी रात्रंदिवस राबून मामांची जमीन पिकवली. परंतु सावकाराच्या कागदापुढे हे सारे कष्ट व्यर्थ गेले. जमीन गेली आणि मामा त्या धक्क्याने खचले. मनुष्याने आपल्या बळावर व हुशारीवर किती विसंबावे, याचा धडा डेबूजींना असा तरुणपणीच मिळाला.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. मागे आई, पत्नी कुंताबाई व मुले होती. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच आणि हातात फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार राहिला. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. उद्याच्या भाकरीची तजवीज त्यांनी कधी केली नाही. गावात शिरावे, आधी रस्ते व गटारे झाडावीत, मग मिळेल ती चटणी-भाकरी खावी आणि रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा नित्यक्रम होता.

देवावर भार टाकणे म्हणजे हात जोडून बसणे, असे महाराजांनी कधीच मानले नाही. नवस, अंगारे-धुपारे व देवापुढील पशुहत्या यांवर ते कीर्तनातून कडक प्रहार करीत. पंढरीच्या वारीत लाखो भाविक राउळाकडे धाव घेत, तेव्हा महाराज हाती खराटा घेऊन चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असत. त्यांना देव दिसे तो भुकेल्यात आणि आजाऱ्यात.

सन १९२३ साली त्यांच्या निष्ठेची फार मोठी कसोटी लागली. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना पुत्र गोविंदा निवर्तल्याची बातमी आली. एकुलत्या एका मुलाचे जाणे ते! परंतु कीर्तन थांबले नाही. देवकीनंदनाच्या नामाचा गजर तसाच चालू राहिला. ज्याने दिले त्यानेच नेले, या भावनेने महाराजांनी ते दुःख पोटात घातले.

त्यांच्या शब्दाखातर लोकांनी लाखो रुपये दिले. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. परंतु महाराज स्वतः त्या धर्मशाळांत मालक म्हणून राहिले नाहीत आणि कुटुंबियांनाही त्यांनी तेथे हक्क दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. मठ नाही, गादी नाही, वारस नाही.

मुंबईवर महाराजांचे मोठे ऋण आहे. खेड्यापाड्यांतून रुग्ण मुंबईस येत. रुग्णास इस्पितळात खाट मिळे, पण सोबतच्या माणसांना फुटपाथच उरे. ही अवस्था पाहून महाराजांनी जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा उभी केली. पुढे दादर येथे त्यांच्या नावाने धर्मशाळा झाली. परळच्या टाटा इस्पितळात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या कितीतरी गोरगरिबांना तिचा आधार मिळाला. औषध डॉक्टरांचे घ्यावे, सेवा आपण करावी आणि फळ देवावर सोपवावे, अशी ही सरळ वाट आहे. दादरनिवासी प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली महाराजांचे चरित्र लिहून ही वाट घरोघर पोचविली.

दि. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले कीर्तन हे त्यांचे अखेरचे ठरले. शरीर थकले होते, पण वाणी तीच होती. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे प्राण पंचत्वात विलीन झाले. मागे स्वतःच्या मालकीचे घर नव्हते की पैसा नव्हता.

आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार आज पूर्णत्वास जात आहे. कोणी श्रम दिले, कोणी दगड-सिमेंट दिले, लालबाग-परळच्या चाळींतून चाकरमान्यांनी वर्गणी धाडली. हे मी केले, असे म्हणण्याचा मोह प्रत्येकास होणे साहजिक आहे. अशा वेळी महाराजांचे फुटके गाडगे डोळ्यांसमोर आणावे. हात आपले, कर्तेपण देवाचे. कळस चढला तरी अंगणात खराटा फिरत राहावा आणि दारी आलेला उपाशी परत जाऊ नये, म्हणजे महाराजांचे पुण्यस्मरण खऱ्या अर्थाने केल्यासारखे होईल.