विश्लेषण : चित्रपटांवर रुसलेल्या अगाथा ख्रिस्ती ‘ओरिएंट एक्स्प्रेस’साठी कशा राजी झाल्या?

बर्फात अडकलेली रेल्वेगाडी, बंद डब्यात खून आणि डझनभर संशयित. १९७४ मधील ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ हा चित्रपट आजही रहस्यपटांचा मापदंड मानला जातो. मात्र मूळ कादंबरीच्या लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी त्याला सहजासहजी होकार दिला नव्हता.

या गाडीशी त्यांचे नाते काय?

ख्रिस्ती यांचा जन्म १८९० मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे झाला. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करताना त्यांना विषांची माहिती झाली. १९२६ मध्ये आईचे निधन झाले, पाठोपाठ पतीने दुसऱ्या स्त्रीसाठी घटस्फोट मागितला. त्याच डिसेंबरात त्या ११ दिवस बेपत्ता होत्या. अखेर हॅरोगेटच्या एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहत असलेल्या सापडल्या. घटस्फोटानंतर १९२८ मध्ये त्या ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्याच बगदादकडे निघाल्या. या भटकंतीतूनच पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांची ओळख झाली आणि १९३० मध्ये दोघांनी विवाह केला.

कथा कशी सुचली?

१९२९ मध्ये ही गाडी तुर्कस्तानात बर्फात अडकली होती. १९३१ मध्ये ख्रिस्ती स्वतः प्रवास करत असताना पुराने रूळ खराब झाले आणि गाडी खोळंबली. १९३२ मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरण व हत्येने अमेरिका हादरली. या साऱ्याचे धागे १९३४ च्या कादंबरीत गुंफले गेले.

चित्रपटांवर राग का?

१९६० च्या दशकात ‘एमजीएम’ने त्यांच्या कथांत मनमानी बदल केले. प्वारोच्या कथांमध्ये मिस मार्पलला घुसवले गेले. त्यामुळे त्या दुरावल्या. निर्माते जॉन ब्रेबर्न यांच्यासाठी त्यांचे सासरे, म्हणजेच भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी शब्द टाकला आणि ख्रिस्ती राजी झाल्या.

पुढे काय झाले?

सिडनी ल्युमेट यांनी कथेशी इमान राखले. चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने मिळाली. इन्ग्रिड बर्गमन सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरल्या. ८४ वर्षांच्या ख्रिस्ती लंडनमधील पहिल्या खेळाला हजर राहिल्या. चित्रपट त्यांना आवडला; तक्रार होती ती फक्त प्वारोच्या मिशांबद्दल! १२ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

प्वारोने डब्यातील प्रत्येकाला बोलते केले. त्याच्या निर्मातीने मात्र स्वतःच्या त्या ११ दिवसांबद्दल आत्मचरित्रातही अवाक्षर काढले नाही.