टॉम किलबर्न
टॉम किलबर्न (जन्म : ड्यूझबरी, यॉर्कशायर, ११ ऑगस्ट १९२१, मृत्यू : मँचेस्टर, १७ जानेवारी २००१) हे ब्रिटिश गणितज्ञ व संगणक अभियंते होते. आजच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्नल स्मृतीची वाटणी पानांच्या रूपात करते. ही पद्धत प्रत्यक्षात आणणाऱ्या ॲटलस संगणकाच्या प्रकल्पाचे नेतृत्व त्यांनी केले.

केंब्रिजमधून १९४२ साली गणिताची पदवी घेतल्यावर ते माल्व्हर्न येथील रडार संशोधन केंद्रात फ्रेडरिक विल्यम्स यांच्या हाताखाली रुजू झाले. युद्धानंतर दोघांनी मँचेस्टर विद्यापीठात कॅथोड किरण नलिकेवर माहिती साठवण्याचे तंत्र विकसित केले. किलबर्न यांचा वाटा मोठा असूनही ही नलिका बहुधा एकट्या विल्यम्स यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यावर आधारित ‘बेबी’ या संगणकाने २१ जून १९४८ रोजी स्वतःच्या स्मृतीत साठवलेला कार्यक्रम चालवला. तो किलबर्न यांनी लिहिला होता.

बेबीची स्मृती अवघ्या ३२ शब्दांची होती. पुढील यंत्रांत चुंबकीय ड्रमची जोड मिळाली, पण ड्रम संथ असे. कार्यक्रमाचा कोणता भाग केव्हा मुख्य स्मृतीत आणायचा, याची आखणी कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच करावी लागे. हे ओझे यंत्राने उचलावे, हा ॲटलसच्या रचनेमागील एक प्रमुख हेतू होता.

७ डिसेंबर १९६२ रोजी कार्यान्वित झालेल्या ॲटलसमध्ये १६,३८४ शब्दांची मुख्य स्मृती व ९८,३०४ शब्दांचे ड्रम होते. दोन्हींची विभागणी ५१२ शब्दांच्या पानांत केलेली असल्याने मुख्य स्मृतीत ३२ पाने मावत. हवे असलेले पान तेथे नसल्यास कार्यक्रम थांबवून ‘सुपरवायझर’ ते ड्रमवरून आणी. पानासाठी एक जागा कायम रिकामी राखलेली असे. त्यामुळे नवे पान लगेच येऊ लागे आणि ते येत असतानाच कोणते जुने पान हलवायचे हे ठरे. प्रत्येक पानाच्या वापराची व विश्रांतीची नोंद पाहून, सर्वांत उशिरा लागेल असे वाटणारे पान निवडले जाई. वरवर किरकोळ वाटणारी ही तजवीज फार मोलाची ठरली. स्मृती पूर्ण संपण्याआधीच काही पाने मोकळी करून ठेवण्याची रीत आजच्या कर्नलमध्येही आहे.

१९६४ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेल्या संगणकशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख होते. १९६५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९८१ साली ते निवृत्त झाले. विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.