कवटी न उघडता मेंदूवर उपचार कसा होतो? ‘गामा नाइफ’चे जनक लार्स लेक्सेल कोण होते?

मेंदूतील रक्तवाहिनीचा दोष म्हटले की कवटी उघडून केलेली शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. काही रुग्णांवर मात्र एकही टाका न घालता फक्त किरणांनी उपचार होतात. त्या यंत्राचे नाव ‘गामा नाइफ’, पण त्यात सुरी कुठेच नाही. ही कल्पना स्वीडनचे डॉ. लार्स लेक्सेल यांची.

सुरुवात कशी झाली?

लेक्सेल यांचा जन्म १९०७ चा. १९३५ पासून ते स्टॉकहोममध्ये नामवंत मेंदू शल्यचिकित्सक हर्बर्ट ऑलिव्हक्रोना यांच्या हाताखाली शिकले. तेव्हा मेंदूची शस्त्रक्रिया जिवावरचीच होती. खोलवरच्या छोट्या भागापर्यंत पोहोचताना वाटेतल्या निरोगी मेंदूला इजा होई.

१९४९ मध्ये त्यांनी डोक्याला घट्ट बसणारी धातूची चौकट मांडली. लांबी, रुंदी आणि खोली या तीन मापांनी मेंदूतला बिंदू ठरवायचा. मग चौकटीवरच्या कमानीतून कोणत्याही कोनात सुई घातली तरी टोक त्याच बिंदूवर पोहोचते. १९५१ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. सुईऐवजी किरण सोडले तर? या पद्धतीला त्यांनी ‘रेडिओसर्जरी’ असे नाव दिले.

यंत्र काम कसे करते?

आधी क्ष-किरण, मग उप्साला येथे भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्यासोबत प्रोटॉन किरण वापरून झाले. पण प्रोटॉनचे अवाढव्य यंत्र रुग्णालयात मावणारे नव्हते. अखेर १९६० च्या दशकाच्या शेवटी कोबाल्ट-६० वर चालणारे पहिले गामा नाइफ तयार झाले. त्यात १७९ किरणस्रोत होते. प्रत्येक किरण एकटा दुबळा, त्यामुळे वाटेतल्या पेशींना फारसा धक्का नाही. सगळे एकत्र येतात त्या बिंदूवर मात्र मात्रा प्रचंड. भिंगाने ऊन एकवटून कागद जाळावा, तसेच काहीसे.

रक्तवाहिन्यांसाठी उपयोग कधी?

लेक्सेल यांचा मूळ रोख तीव्र वेदना आणि कंपवातासारख्या आजारांवर होता. १९७० पासून हे किरण ‘एव्हीएम’वर वापरले जाऊ लागले. एव्हीएम म्हणजे धमन्या आणि शिरा थेट जोडल्या जाऊन झालेला गुंता. तो फुटला तर मेंदूत रक्तस्राव होतो. किरणांमुळे या वाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात आणि गुंता हळूहळू बंद होतो.

मग धोका काय?

‘हळूहळू’ हाच कळीचा शब्द. गुंता बंद व्हायला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका कायम राहतो. म्हणून हा उपचार प्रामुख्याने लहान आणि खोलवरच्या एव्हीएमसाठी निवडला जातो. अॅन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा, ही वेगळी गोष्ट आहे. तो फुटण्याआधी बंद करणे महत्त्वाचे असल्याने तिथे आजही सहसा क्लिप किंवा कॉइलसारखे उपाय वापरतात. दोन्हींत गल्लत करू नये.

पुढे काय झाले?

१९६० मध्ये लेक्सेल कॅरोलिन्स्का येथे ऑलिव्हक्रोना यांच्या जागी प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये मुलगा लॉरेंट याच्यासोबत त्यांनी ‘एलेक्टा’ कंपनी काढली. १९८६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर ११ वर्षांनी, १९९७ मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात गामा नाइफ आले. आज ही पद्धत मेंदूतल्या गाठींसाठीही वापरली जाते.